तीन पिढ्यांची, भावाभावांची कादंबरी: कामाचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

गाव सोडून शहरात गेलेल्या कुटुंबावर कादंबरी लिहायला घेतलेले बरेच जण दीडशे पानांच्या आसपास अडतात. अशी हस्तलिखितं वाचायला येतात तेव्हा मांडणी बहुधा ठरलेली असते. आधी मूळ पुरुष, मग त्याची मुलं, मग मुंबई, गिरणी, संप, नातवंडं. पन्नासेक माणसं येऊन जातात, सहा-सात मृत्यू होतात, आणि वाचणाऱ्याला कोणाचंच काही वाटेनासं होतं. भाषा चांगली असते, माहितीही खरी असते. बिघडलेला असतो तो कामाचा क्रम.

तो क्रम खाली मांडला आहे. उदाहरणासाठी एक कल्पित कुटुंब घेतलं आहे: मालवण तालुक्यातले तीन भाऊ आणि एक बहीण. थोरला गावी शेतीवर, मधला मुंबईला गिरणीत, धाकटा जहाजावर खलाशी. तुमची माणसं १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून पुण्याला आलेली असतील किंवा साताऱ्याहून माथाडी कामाला गेलेली असतील. तपशील तुमचे घ्या, टप्पे मात्र याच क्रमानं करा.

१. आधी शोधा: भावांमध्ये काय फिटायचं राहिलं आहे

वंशावळ, टिपणं, मुलाखती यांतलं काहीही सुरू करण्याआधी एका कागदावर तीन-चार वाक्यांत लिहा की या भावांमधला कोणता व्यवहार मिटलेला नाही. ‘प्रेम आणि दुरावा’ हे उत्तर चालणार नाही. जमीन, घर, कर्ज, बहिणीच्या लग्नाचा खर्च, आईच्या आजारपणात कोण होतं आणि कोण नव्हतं, अशी बोट ठेवून दाखवता येईल अशी गोष्ट हवी.

आपल्या उदाहरणात ती अशी आहे. हे घराणं खोताच्या जमिनीचं कूळ, म्हणजे दुसऱ्याच्या मालकीची जमीन खंडानं कसणारं. कुळकायद्यानं १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि त्या दिवशी जमीन कसणारं कूळ तिचं खरेदीदार मानलं गेलं. पुढे शेतजमीन न्यायाधिकरणानं कलम ३२-ग खाली किंमत ठरवायची, कुळानं ती हप्त्यांनी भरायची आणि पूर्ण भरणा झाला की ३२-म चं खरेदीचं प्रमाणपत्र मिळायचं. कूळ म्हणून नाव लागलं ते गावात राहून नांगर धरणाऱ्या थोरल्याचं. हप्ते भरले गेले ते मधल्यानं मुंबईहून पाठवलेल्या पैशांतून. प्रमाणपत्र आलं थोरल्याच्या एकट्याच्या नावावर. यात कोणी कोणाला फसवलेलं नाही. जमीन कोण कसतं असं चौकशीत विचारलं गेलं आणि थोरल्यानं खरं तेच सांगितलं.

तुमची कादंबरी इथे आहे. मधला म्हणेल, “पैशे इले म्हणान जमीन रवली.” (पैसे आले म्हणून जमीन राहिली.) थोरला म्हणेल, “मियां कसलंय म्हणान रवली.” (मी कसली म्हणून राहिली.) दोन्ही खरं आहे. ही दोन वाक्यं तीन पिढ्या पुरतात, कारण पुढच्या पिढीला भांडणाचं मूळ माहीत नसतं, फक्त बोलणं बंद आहे एवढंच माहीत असतं.

या व्यवहाराची एक वस्तू निवडा. मनीऑर्डर घ्या. मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली एक छोटं कूपन असायचं. त्यावर पाठवणारा चार ओळी लिहायचा आणि ते कूपन पैसे घेणाऱ्याकडे राहायचं. पैसे घेणाऱ्याची सही किंवा अंगठा घेतलेली पोच परत पाठवणाऱ्याकडे यायची. म्हणजे गावच्या घरात थोरल्याच्या पेटीत कूपनांचा गठ्ठा आहे आणि लालबागच्या खोलीत मधल्याच्या पेटीत पोचपावत्यांचा. पुरावा दोन्हीकडे आहे, पण अर्धा अर्धा. एका कूपनावर लिहिलं असेल, ‘हप्त्यासाठी. उरले तर आईला औषध.’ एवढी एक वस्तू नीट वापरली तर पानभर स्वगत लागत नाही.

तपासा: थोरल्याच्या आणि मधल्याच्या तोंडून एकेक पान लिहा. वाचून झाल्यावर तुमचं मत एका भावाकडे स्पष्ट झुकत असेल तर व्यवहार अजून सापडलेला नाही, फिर्याद सापडली आहे. दुसऱ्या भावाकडे काय खरं आहे ते शोधूनच पुढे जा.

२. वयांचा तक्ता

इथे सगळ्यांत जास्त पाणी मुरतं. पिढ्यांची कादंबरी कच्ची वाटते ती बहुतेक वेळा वयांचा मेळ न बसल्यामुळे. एक मोठा कागद घ्या, आडव्या ओळीत वर्षं आणि उभ्या रांगेत माणसं लिहा. प्रत्येक चौकटीत त्या वर्षी त्या माणसाचं वय भरा.

आपल्या कुटुंबात थोरला १९२१ चा, बहीण १९२३ ची, मधला १९२६ चा, धाकटा १९३३ चा. मधला १९४२ साली सोळाव्या वर्षी मुंबईला गेला. १४ एप्रिल १९४४ ला मुंबई बंदरातल्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये स्फोट झाला तेव्हा तो अठरा वर्षांचा पोरगा आहे. घरी काय कळवायचं याची त्याला नीट समजही नाही. कृषक दिनाला थोरला छत्तीस वर्षांचा, अंगात काम आहे, पदरात चार मुलं आहेत. मधल्याचा मुलगा १९५१ चा, १९७० साली बदली कामगार, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी घेतला जाणारा कामगार, म्हणून गिरणीच्या गेटवर उभा राहिला. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा तो तिशीत आहे आणि छप्पन्न वर्षांचा बाप अजून कामावर आहे. एकाच घरातले दोन पगार एकाच दिवशी थांबले. हे तक्त्यातून दिसलं. नुसतं आठवून लिहिलं असतं तर बाप आपोआप ‘म्हातारा’ झाला असता आणि घराच्या कोपऱ्यात जाऊन बसला असता. नातू १९७९ चा, त्याला संप आठवतच नाही. त्यानं ऐकलेला संप आणि बापानं भोगलेला संप वेगळा निघणार, आणि तो फरक तुम्हाला वापरायचा आहे.

तक्त्याखाली एक पट्टी सार्वजनिक घटनांची करा. ज्या घटना या माणसांच्या दाराशी आल्या तेवढ्याच घ्या. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप घ्या, कारण तो कोकणातही जाणवला आणि मुंबईतही. दोन भावांच्या घरांना एकाच क्षणी जोडणारी अशी गोष्ट सहसा हाती लागत नाही. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. पण ते या चाळीत कोणाच्या खोलीत आलं हे ठाऊक असेल तरच घ्या.

सावधान: काळाच्या या चुका पुन्हा पुन्हा होतात.

१९५७ च्या आधीच्या प्रसंगात नवे पैसे येतात. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासूनची. त्याआधी रुपया, आणे, पै. (कृषक दिन आणि नवे पैसे यांची तारीख एकच आहे, जमिनीची किंमत नव्या पैशांत आणि जुना हिशोब आण्यांत, हा गोंधळ प्रसंगात वापरता येतो.)

१९६५ च्या पत्रावर ‘जि. सिंधुदुर्ग’ असं लिहिलेलं असतं. तो जिल्हा १ मे १९८१ चा, त्याआधी रत्नागिरी. पिनकोडही १५ ऑगस्ट १९७२ पासूनचा.

माणसं १९८० साली रेल्वेनं कणकवलीला उतरतात. कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ ला सुरू झाला.

एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर धावली. १९४५ च्या प्रसंगात एसटी आणू नका.

३. कागद मिळवा, पण कथेच्या नजरेनं वाचा

व्यवहार आणि तक्ता झाल्यावरच कागदांकडे वळा. आधी कागद जमवले की माहितीच्या ढिगात कादंबरी बुडते.

पहिला कागद सातबारा. त्यातला नमुना सात मालकी आणि हक्क सांगतो, बारा पिकं सांगतो. पण कथा असते ती फेरफारात, म्हणजे नमुना सहामध्ये. कोण मेला, वारस कोण लागले, कोणी हक्क सोडला, कर्ज कधी चढलं आणि कधी उतरलं, हे तिथे तारखेनिशी असतं. जुने फेरफार तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून नकलेसाठी अर्ज करून मिळतात; काही जिल्ह्यांचे स्कॅन केलेले अभिलेख आता शासनाच्या संकेतस्थळावर पाहता येतात.

सातबारावर एक गोष्ट जवळून पाहा. कमी झालेलं नाव खोडून नाहीसं करत नाहीत, त्याला कंस करतात. मेलेला माणूस, हक्क सोडलेली बहीण, सगळे कंसात तिथेच वाचता येतात. दुसरी गोष्ट म्हणजे थोरल्याच्या नावापुढे कधीकधी दिसणारी अक्षरं: ए.कु.मॅ., म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. ही अक्षरं असतील तर थोरल्याचं नाव सगळ्यांच्या वतीनं लागलेलं आहे आणि भावांचा हिस्सा त्यामागे उभा आहे. ती नसतील तर मधल्याच्या मुलाला सगळं पहिल्यापासून सिद्ध करावं लागतं. आपल्या कुटुंबात बापाच्या मृत्यूनंतरच्या नोंदीत ही अक्षरं आहेत आणि पुढच्या एका उताऱ्यात उतरवून घेताना राहिली आहेत. कोणाच्या सांगण्यावरून की लिहिणाऱ्याच्या हातून सहज, हे कादंबरीनं शेवटपर्यंत न सांगितलं तरी चालेल. पात्रांनी मात्र त्यावर आपापलं ठरवलेलं असलं पाहिजे.

बाकीचे कागद लवकर उरकता येतात: शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्ड, गिरणीचा पास, भाडेपावत्या, लग्नपत्रिका. लग्नपत्रिकेत ‘आमचे येथे’ खाली कोणाची नावं आहेत आणि कोणाचं गाळलं आहे, तेवढं बघा.

सावधान: कागद कादंबरीत जसाच्या तसा उतरवू नका. फेरफार क्रमांक, गट नंबर, कलमं यांचा मारा झाला की वाचक गळतो. कागद कोणाच्या तरी हातात असला पाहिजे आणि वाचताना त्या माणसाचं काहीतरी पणाला लागलेलं असलं पाहिजे. पात्राला कायदा जेवढा कळतो तेवढाच वाचकाला सांगा.

४. माणसांना विचारताना

सगळ्यांत म्हाताऱ्या माणसापासून सुरुवात करा, कारण उघड आहे. पण ‘तेव्हा तुम्हाला काय वाटलं?’ हा प्रश्न विचारू नका. त्याला ठरलेली उत्तरं येतात: लय हाल काढले, पण माणसं चांगली होती. त्याऐवजी खोलीत कोण कुठे झोपायचं ते विचारा. मुंबईत एकाच गावच्या माणसांनी मिळून घेतलेल्या गाळ्यात वीस-पंचवीस माणसं पाळीपाळीनं झोपायची तेव्हा पेटी कुठे ठेवायची, कुलूप कोणाचं, खानावळीचे पैसे कधी द्यायचे, रातपाळीहून आलेला माणूस झोपल्यावर बाकीचे कसे बोलायचे, भोंगा किती वाजता व्हायचा. वस्तूबद्दल विचारलं की भावना आपोआप बाहेर येते, आणि ती त्या माणसाच्या शब्दांत येते.

दोन्ही भावांच्या घरच्यांना वेगवेगळं भेटा. एकाच प्रसंगाबद्दल दोन्हीकडे विचारा आणि उत्तरं जुळवायला जाऊ नका. वडील वारले तेव्हा मधला केव्हा पोचला? गावचे म्हणतील दहाव्याला. मुंबईचे म्हणतील तिसऱ्या दिवशी. ही विसंगती खोडून एक ‘खरं’ ठरवलंत तर हातातलं सोनं टाकून दिलं.

बहिणींना आणि सुनांना विचारल्याशिवाय मुलाखती संपल्या असं समजू नका. भावांच्या कादंबऱ्यांत बहीण हटकून गळते. भाऊबीजेपुरती येते आणि जाते. १९५६ च्या वारसा कायद्यानं मुलीला बापाच्या वाट्यात हक्क दिला, महाराष्ट्रात १९९४ साली त्या वेळी अविवाहित असलेल्या मुलींना एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत बरोबरीचा हक्क मिळाला, २००५ साली तो देशभर मुलींना लागू झाला. तरी हक्कसोडपत्रावर सही करून मोकळ्या झालेल्या बहिणी घरोघरी आहेत. ती सही कोणत्या दिवशी, कोणत्या ओटीवर झाली, आधी कोणी साडी आणली होती, सही करताना ती काय म्हणाली, हा प्रसंग तुमच्या कादंबरीत असलाच पाहिजे. भावाभावांच्या तंट्यात दोन्ही बाजू पाहिलेली तीच एक असते. आणि गावी राहिलेल्या थोरल्याच्या बायकोला मधल्याच्या बायकोबद्दल, मुंबईत नळावर पाणी भरणाऱ्या जावेबद्दल, काय वाटत होतं हे पुरुषांना विचारून कधीच कळणार नाही.

५. वाटा: कोण कसं गेलं, कोण कसं परतलं

‘तो मुंबईला आला’ या एका वाक्यात स्थलांतर उरकू नका. प्रत्येक पिढीची वाट वेगळी आहे आणि ती वाटच त्या पिढीचा स्वभाव घडवते.

पहिल्या पिढीचा मधला बोटीनं गेला. मालवणच्या बंदरात बोट लांब पाण्यात उभी राहायची, माणसं होडीनं तिच्यापर्यंत जायची आणि मुंबईत धक्क्याला उतरायची. पावसाळ्यात ही वाहतूक बंद असायची. हा एक तपशील कादंबरीला किती देतो पाहा: पावसाआधी गाव सोडलेलं नसेल तर गणपतीच्या सुमारापर्यंत समुद्रानं वाट बंद. बाप १९४९ च्या जुलैत गेला, मधल्याला तार मिळाली, आणि बोट नाही. त्याला रेल्वेनं कोल्हापूर गाठून पुढे मिळेल त्या गाडीनं घाट उतरावा लागला. तो उशिरा पोचला यात त्याचा दोष किती आणि पावसाचा किती, हे गावच्या माणसांनी आपल्या सोयीनं ठरवलं. वर ज्या दोन उत्तरांचा मेळ बसत नव्हता, त्याचं मूळ इथे आहे.

समुद्राची भीतीही विसरू नका. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. ती मालवणची बोट नव्हती. पण ज्यांची माणसं बोटीनं येत-जात होती अशा किनाऱ्यावरच्या प्रत्येक घरात त्या दिवसानंतर बोटीवर चढणाऱ्याकडे बघण्याची नजर बदलली असणार. दोन वर्षांनी बापाचा मृत्यू, तोही जुलैतच. बोटी बंद आहेत हे ठाऊक असूनही आईनं तारेत ‘समुद्रान येव नको’ असं घालायला सांगितलं, असा एक कल्पित प्रसंग इथे सहज बसतो.

दुसरी पिढी एसटीनं ये-जा करते. तिसरी कोकण रेल्वेनं, आरक्षणाच्या रांगेत उभी राहून. दुसऱ्या पिढीचं गाव सुट्टीचं असतं: मे महिना, गणपती, शिमगा. त्यामुळे त्यांनी गाव सजलेलं आणि भरलेलंच पाहिलेलं असतं. जुलैच्या पावसात चिखलात लावणी करणारं रिकामं घर त्यांनी पाहिलेलं नसतं. थोरल्याच्या मुलांचा चाकरमान्यांवरचा, म्हणजे मुंबईला नोकरीला गेलेल्यांवरचा, राग इथून येतो.

तपासा: प्रत्येक प्रवासात तीन गोष्टी आहेत का? जाताना हातात काय होतं, तिकिटाचे पैसे कोणी दिले, आणि निरोप द्यायला कोण आलं नाही.

६. हानी: मृत्यूंची रांग लावू नका

पिढ्यांच्या कादंबरीत माणसं मरणारच. पण दर चाळीस पानांनी एक मृत्यू, मग रडारड, मग तेरावं असा पाडा सुरू झाला की तिसऱ्या मृत्यूला वाचक पान उलटतो. म्हणून लिहिण्याआधी हानीची यादी करा आणि प्रत्येक हानी वेगळ्या जातीची आहे ना ते बघा.

आपल्या कुटुंबात चार घेऊ.

बापाचा मृत्यू. याला तारीख आहे, विधी आहे, सुतक आहे. इथे रडणं कमी लिहा आणि काम जास्त: लाकडं कोणी आणली, पिंडाला कावळा कधी शिवला, थोरल्यानं बापाची कोणती गोष्ट कोणालाही न विचारता उचलून ठेवली.

धाकट्याचं नाहीसं होणं. तो जहाजावर गेला, १९६० च्या सुमारास पत्रं थांबली. मृत्यू नाही, म्हणून सुतक नाही. सात वर्षं ज्याचा ठावठिकाणा नाही त्याचा मृत्यू कायदा गृहीत धरू शकतो, पण त्यासाठी कोणीतरी तसं म्हणायला पुढे यावं लागतं. आई असेपर्यंत थोरला ते करणार नाही. त्याचं नाव वारसांत तसंच राहील. पितृपक्षात त्याचा म्हाळ घालायचा की नाही, यावर दर भाद्रपदात घरात गप्प बसलं जाईल. या हानीला एकच मोठा प्रसंग देऊ नका. वर्षानुवर्षं छोट्या छोट्या जागी ती येऊ द्या.

संप. सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, आणि हा संप कधी रीतसर मागे घेतला गेला नाही. त्यामुळे सुरुवातीची तारीख प्रत्येकाला पाठ असते आणि शेवटाची कोणालाच सांगता येत नाही. कादंबरीकार इथे हमखास चुकतात: मोर्चे, घोषणा, संपाचे नेते दत्ता सामंत यांची सभा यांची वर्णनं लिहितात आणि घर विसरतात. तुम्ही घर लिहा. पहिल्या महिन्यात काय विकलं, चौथ्या महिन्यात काय, बायकोनं कोणतं काम धरलं, कामावर परत गेलेल्या शेजाऱ्याशी नळावर कोण बोलेना. ‘संप संपला’ असं वाक्य कुठल्याही पात्राच्या तोंडी घालू नका. मुलगा एका सकाळी वॉचमनचा गणवेश शिवायला टाकतो, तिथे वाचकाला कळेल.

चौथी हानी घराची. चाळ पुनर्विकासात गेली किंवा गावचं घर पडलं. हिला फार पानं लागत नाहीत.

सावधान: दोन मोठ्या हानींच्या मध्ये हसणं हवं. एखादं लग्न, भजनाची डबलबारी, दशावताराची रात्र, मे महिन्यात भावंडांनी मिळून काढलेले फणस. भाऊ एकमेकांवर जीव टाकताना दिसले नाहीत तर ते तुटल्याचं दुःख वाचकाला होणार नाही. अबोला लिहिण्याआधी एकाच ताटात जेवलेले भाऊ लिहा.

७. लिहायला मधून घ्या

आता पहिलं पान. मूळ पुरुषापासून लिहायला घेऊ नका. छापताना पुस्तक कुठूनही सुरू होवो, कच्चा खर्डा दुसऱ्या पिढीपासून लिहा, आणि ज्या प्रसंगात सगळी येणी-देणी एकाच उंबऱ्यावर येतात तिथून.

आपल्याकडे तो प्रसंग १९८२ च्या उन्हाळ्यातला. संपाचे काही महिने झाले आहेत. मधल्याचा मुलगा बायको, तीन वर्षांचा पोरगा आणि एक पत्र्याची पेटी घेऊन गावच्या घराच्या खळ्यात येऊन उभा राहतो. सुट्टीला आलेला नाही, राहायला आलेला आहे. त्या काळात हजारो कामगार असे गावी परतले. चाळीस वर्षं मुंबईहून गावाला पैसे येत होते, आता गावच्या भातावर मुंबईची माणसं जेवणार. एकसष्ट वर्षांचा थोरला ओटीवर आहे. प्रमाणपत्र त्याच्या नावावर आहे, कूपनांचा गठ्ठा त्याच्या पेटीत आहे. त्याचं पहिलं वाक्य काय असेल?

हा प्रसंग आधी लिहा. “जेवलंस?” एवढंच तो म्हणाला तर त्या एका शब्दामागे काय काय आहे हे शोधण्यासाठी तुम्हाला मागे जावं लागेल, आणि मागे जाताना नेमकं काय लिहायचं ते समजेल. १९४२, १९४९, १९५७ यांतलं जे या ओटीवर येऊन पोचतं तेवढंच लिहा. पणजोबांच्या शिकारीची गोष्ट कितीही रंगतदार असली तरी ती इथवर पोचत नसेल तर बाजूला ठेवा.

मग मागचे प्रसंग लिहा, त्यानंतर पुढची पिढी, आणि सगळ्यांत शेवटी पुस्तकाचं पहिलं प्रकरण.

पिढी बदलताना वर्षांची उडी मारायला घाबरू नका. ‘दिवसांमागून दिवस गेले’ असली पूलवजा पानं कापा. १९६७ च्या भूकंपाच्या पहाटेनंतर थेट १९८२ चालतं, फक्त मधल्या काळात बदललेली एक गोष्ट वाचकाच्या नजरेला पडू द्या. आई आता दिसत नाही. पडवीत नवी भिंत उभी आहे. एका घरात दोन चुली आहेत.

तपासा: प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी समासात लिहा की हे प्रकरण संपताना कोणाचं कोणाकडे काय देणं झालं. काहीच बदललं नसेल तर ते प्रकरण माहितीचं आहे.

८. नावं, हाका, बोली

नातवाला आजोबांचं नाव ठेवण्याची आपली रीत खरी असली तरी कादंबरीत दोन पिढ्यांत तेच नाव आलं की गोंधळ होतो. हाका वापरा: तात्या, अप्पा, बाबल. एक माणूस, एक हाक, आणि ती हाक कोण मारतं ते पक्कं ठेवा. थोरल्याला भाऊ ‘दादा’ म्हणत असतील तर पुतणे दुसरं काहीतरी म्हणतील.

बोली सगळीकडे सारखी शिंपडू नका. पहिली पिढी मालवणीतच बोलेल. दुसरी घरात मालवणी आणि गिरणीच्या खात्यात मुंबईची मराठी बोलेल. साचा, धोटा, बदली, जॉबर हे शब्द तिच्या तोंडी सहज येतील. तिसरीला मालवणी समजेल, पण ती उत्तर प्रमाण मराठीत देईल, आणि गावी गेल्यावर त्यावरून तिला चिडवलं जाईल. निवेदन प्रमाण मराठीत ठेवलंत तर वाचकाला आधार राहतो. बोलीतले संवाद त्या भागातल्या माणसाकडून मोठ्यानं वाचून घ्या. कणकवली आणि वेंगुर्ला यांतला फरक कानालाच कळतो.

९. तपासणीच्या फेऱ्या

एकाच वाचनात सगळं दुरुस्त करायला जाऊ नका. पहिली फेरी फक्त तारखांची आणि वयांची, शेजारी तक्ता ठेवून. दुसरी फक्त पैशाची: कोणी किती पाठवलं, त्या काळी ते किती होतं, आधी सांगितलेली रक्कम पुढे बदलली का. तिसरी फेरी बायकांची. बहीण, आई आणि दोन्ही जावा सलग शंभर पानं गायब आहेत का ते पाहा. शेवटची फेरी थोरल्याची. शहरात राहणारा लेखक शहरात गेलेल्या भावाच्या बाजूनं लिहितो, हे नकळत होतं. गावी राहिलेल्या माणसाला केवळ हट्टी, कंजूष किंवा भोळा करून ठेवलं नाही ना, ते प्रत्येक प्रसंगात बघा. त्याला मुंबई नको होती की त्याला कोणी विचारलंच नाही, याचं उत्तर पुस्तकात कुठेतरी असलं पाहिजे.

१०. घरच्यांना कधी दाखवायचं

पहिला खर्डा पूर्ण होईपर्यंत नात्यातल्या कोणालाही दाखवू नका. अर्ध्यात दाखवला की प्रत्येक जण आपली बाजू घालायला सांगतो आणि दुसऱ्या भावाचं पान हळूहळू पुसलं जातं.

खर्डा झाल्यावर मात्र दोन्ही घरांतल्या एकेकाला द्या, तेही एकाच आठवड्यात, म्हणजे आधी कोणाला दिलं यावरून नवा तंटा नको. देण्याआधी गावाचं नाव, गट नंबर, व्यवसाय आणि मुलांची संख्या बदला. मिळकतीचा दावा कोर्टात चालू असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय प्रसिद्ध करू नका. कादंबरीतलं वाक्य पुराव्यासारखं वाचून दाखवलं जाण्याची भीती घरच्यांना असतेच, आणि ती रास्त आहे. कोणी म्हणालं की हे असं घडलं नव्हतं, तर वाद घालू नका. मग कसं घडलं होतं ते विचारा आणि वही काढा. या वेळी मिळालेली एखादी गोष्ट आधीच्या सगळ्या मुलाखतींत कोणी सांगितलेली नसते, आणि तिच्यासाठी एखादं प्रकरण पुन्हा लिहावं लागलं तर लिहा.